भोळे मॅडमचं विकलन

भोळे मॅडम माझ्याकडे यायच्या तेव्हा बेल वाजवायच्या नाहीत. फाटकाचा आवाज यायचा आणि मग बराच वेळ काहीच नाही. पहिल्या खेपेला मला वाटलं, कुणी चुकून आलं आणि परत गेलं. बाहेर येऊन बघतो तर पन्नाशीच्या एक बाई ओट्यावर बसलेल्या. चपला बाजूला काढलेल्या, पर्स मांडीवर, डोळे मिटलेले. मी खाकरलो. त्यांनी डोळे उघडले, पण उठल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, दोन मिनिटं. थकवा इथं ओट्यावर ठेवते आणि मग आत येते. जाताना घेऊन जाईन." चेष्टा करताहेत की खरंच सांगताहेत, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे ते वर्षभर असंच चाललं आणि मी बेलची वाट बघणं सोडून दिलं.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात उभी हयात गणित शिकवून निवृत्त झालो होतो. पुन्हा खडूला हात लावायचा नाही असं पक्कं ठरवलं होतं. शिकवून शिकवून माणूस शहाणा होतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की माणूस नुसता दमतो. पण पारोळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजचे प्राचार्य माझे जुने विद्यार्थी. त्यांनी माझा पत्ता देऊन या बाईंना माझ्या गळ्यात बांधलं. जुन्या विद्यार्थ्यांना नाही म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्यातला शाप आहे.

प्रकरण असं होतं. त्या कॉलेजातले गणिताचे सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. जागा भरली गेली नाही आणि तासिकेवर यायला कुणी तयार होईना. कॉमर्सच्या मुलांना गणित किंवा एस.पी. म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांतला एक विषय घ्यावा लागतो. भोळे मॅडम ही एस.पी. शिकवायच्या. सभेची सूचना कशी काढावी, भागधारकाला पत्र कसं लिहावं, असला सगळा कारभार. त्यांचे तास आधीच कमी भरत होते. प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, बारावीचं गणितही तुम्हीच बघा. आणि या बाईंनी दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"मग नाही म्हणायचं होतं," मी म्हणालो.

"म्हटलं ना सर. दोन वेळा म्हटलं. तर प्राचार्य म्हणाले, ठीक आहे, मुलांना सांगून टाकतो, आपापलं बघा म्हणून. अकरावीला गणित घेतलंय त्यांनी, आता बदलता येत नाही. रोज धुळ्याला क्लासला पाठवायची ऐपत एकाच्याही घरात नाही. मी वर्गाच्या दारातून बघितलं तर बसली होती बिचारी, पुस्तकं उघडून. कोणी येईल म्हणून. मग मीच गेले."

त्या जळगावला राहायच्या. रोज सकाळी जळगाव-पारोळा आणि संध्याकाळी उलट, असं त्यांचं एस.टी.चं अपडाऊन किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. शनिवारी कॉलेज सकाळचं. ते सुटलं की घरी जायच्या ऐवजी त्या उलट्या दिशेची बस पकडून धुळ्याला येऊ लागल्या. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. यजमान आणि मॅडम पाळीपाळीनं त्यांचं करायचे. शनिवारी दुपारची पाळी यजमानांनी घेतली होती, एवढीच काय ती या शिक्षणाला घरातून मिळालेली शिष्यवृत्ती.

त्यांचं माहेर असोद्याचं, केळी आणि कापूस करणाऱ्या घरातलं. तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. कॉलेजात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण गणित डोक्यावरून जायला लागलं की बोली वर यायची. मी एकदा चिडवलं, "नावाप्रमाणं भोळ्या आहात तुम्ही." त्या म्हणाल्या, "आमच्या गावात भोळे कुणी नाहीतच सर, सगळे भोये."

तर्कशास्त्र आणि मॅट्रिक्स त्यांनी गाइड वाचून कसंबसं रेटलं होतं. विकलनापाशी घोडं अडलं. मी इंग्रजीतून शिकवणारा माणूस. आमच्या तोंडी डेरिव्हेटिव्ह. त्यांचं पुस्तक मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी ते माझ्यापुढे उघडलं आणि पहिला प्रश्न वाचला, "खालील फलांचे विकलन करा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, आमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय. फयं विकणं."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच तो शब्द तसा ऐकू यायचा. फल म्हणजे एक संख्या आत घातली की दुसरी बाहेर देणारा नियम, आणि विकलन म्हणजे ती किती वेगानं बदलते ते काढणं, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या मान डोलवायच्या, लिहून घ्यायच्या आणि पुढच्या शनिवारी कोऱ्या चेहऱ्यानं परत यायच्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी बायकोला म्हणालोही. बायको माझी शिरपूरकडची, घरात अहिराणीच बोलते. ती म्हणाली, "थकेल शे ती. आधी दोन घास खाऊ द्या तिले, मंग तुमनं गणित." त्यानंतर शनिवारी आमच्याकडे आधी कळण्याची भाकरी आणि मग सीमा, असा क्रम पडला.

सीमा म्हणजे लिमिट. जवळ जवळ जायचं, हवं तितकं जवळ, पण पोचलोच पाहिजे असं नाही. ही गोष्ट मात्र त्यांना एका झटक्यात कळली. "समजलं. इथल्या स्टँडवरची आमची जळगाव गाडी. येतेय, येतेय, कंट्रोलवाला सांगतो पारोळ्यापर्यंत आली म्हणून. येत काही नाही." मी म्हणालो, व्याख्येत बसत नाही, पण चालेल. त्या दिवशी त्या जरा ताठ बसल्या होत्या.

वर्गात त्यांची फजिती व्हायची ती वेगळीच. पोरं अडलेलं विचारायची आणि मॅडम म्हणायच्या, "शनिवारी सांगते." कारण शनिवारी त्या मला विचारणार आणि सोमवारी सांगणार. खरं तर 'सोमवारी सांगते' म्हणायला हवं होतं, पण त्यांच्या डोक्यात उत्तर शनिवारीच असायचं. पोरांनी त्यांचं नाव शनिवार मॅडम ठेवलं. कोमल नावाची एक मुलगी होती, बोलायला धीट, पुढच्या बाकावर बसणारी. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, शनवारले काय व्हस?" शनिवारी होतं काय? मॅडमनी खरं ते सांगून टाकलं. मला हे येत नाही, मी धुळ्याला जाऊन शिकते आणि तुम्हाला शिकवते. मी कपाळाला हात लावला. म्हणालो, "असं सांगतात का कधी? पोरं डोक्यावर बसतील." त्या म्हणाल्या, "बसली होती, पहिले दोन दिवस. मग त्यांनाच माझी दया आली. आता कुठं अडलं की तीच म्हणतात, असू द्या मॅडम, शनिवारी."

दिवाळीच्या आधी साखळी नियम आला. एका फलाच्या पोटात दुसरं फल असलं, की आधी बाहेरच्याचं विकलन करायचं आणि मग आतल्याच्या विकलजानं, म्हणजे विकलन करून आलेल्या उत्तरानं, गुणायचं. एवढंच. पण मॅडम बाहेरचं अगदी सुंदर करायच्या आणि आतलं विसरायच्या. दर वेळी. मी लाल पेन घेऊन नुसतं "आतलं?" असं लिहायचो. एकदा सलग सगळ्या उदाहरणांवर तेच लिहावं लागलं. माझा आवाज चढला. बी.एस्सी.च्या पोरांवर मी जितका ओरडलो नसेन तितका त्या बाईंवर ओरडलो. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "बरोबर आहे सर. माझं सगळंच असं झालंय. बाहेरचं करते आणि आतलं राहून जातं. काल सासूबाईंना औषध द्यायचं राहिलं. पेपर तपासत बसले होते."

मी चष्मा पुसला. त्यांनी पेन उचललं आणि पहिलं उदाहरण पुन्हा केलं. आतलं पुन्हा राहिलं. आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं काही आनंदाचं नव्हतं. दमलेली माणसं हसतात तसं हसलो.

दिवाळीनंतर एकदम फरक पडला. का पडला ते मला सांगता येणार नाही. चाळीस वर्षं शिकवूनही माणसाला गोष्ट नक्की कधी कळते ते मला समजलेलं नाही. साखळी, गुणाकार, भागाकार, सगळे नियम त्यांच्या हातात बसले. वर्गात तर पोरंच ओरडायची म्हणे, "आतलं राहिलं मॅडम!" आणि मॅडम म्हणायच्या, "राहिलं नव्हतं, तुम्ही बघताय का ते बघत होते." लबाडी यायला लागली म्हणजे विषय यायला लागला, असं मी समजतो. मी निर्धास्त झालो. तिथंच घात झाला.

पुढचा धडा विकलनाच्या उपयोगांचा. फल वाढतंय की घटतंय, खर्च कुठं कमीत कमी, नफा कुठं जास्तीत जास्त. मॅडम म्हणाल्या, "हा धडा मी करते सर. हा आमच्या घरचाच आहे." मला सर्दीतापानं धरलं होतं, एक शनिवार बुडला, आणि मीही म्हणालो, करा. पुढच्या शनिवारी त्या आल्या त्या ओट्यावर फारशा टेकल्यासुद्धा नाहीत. आत येऊन उत्साहानं सांगू लागल्या, आठवडाभरात किती शिकवून झालं, पोरांना कसं पटापट येतंय. "सोपं आहे सर. दर वाढत असेल तर फल वाढतंय. दर कमी होत असेल तर फल घटतंय. त्यासाठी दोनदा विकलन करायचं आणि चिन्ह बघायचं."

मी कप खाली ठेवला आणि त्यांचं पुस्तक मागितलं.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'बदलाचा दर धन असेल, तर फल वाढते.' दर धन असेल, म्हणजे शून्याच्या वर असेल. पण असोद्याच्या मुलीला 'दर' म्हटलं की एकच दर माहीत, केळीचा. तो वाढला की घरात सणासारखं आणि पडला की वडील न जेवता उठायचे. दर आहे, एवढ्यावर त्या घरात कुणी कधी खूश झालं नव्हतं; दर वाढला पाहिजे. म्हणून पुस्तकातलं 'बदलाचा दर' त्यांनी 'दराचा बदल' असं वाचलं. आठवडाभर तेच फळ्यावर लिहिलं आणि अख्ख्या वर्गाकडून घोकून घेतलं.

मी कागदावर एक साधं फल मांडलं. दहा एक्स वजा एक्सचा वर्ग. एक्स एक असताना नऊ येतात, दोन असताना सोळा, तीन असताना एकवीस. "वाढतंय की घटतंय?"

"वाढतंय."

"तुमच्या रीतीनं करा."

त्यांनी दोनदा विकलन केलं. उत्तर आलं उणे दोन. त्यांच्या रीतीनं फल घटत होतं. त्या कागदाकडे बघत राहिल्या. आधी सात वाढले, मग पाच वाढले. वाढ मंदावली होती, पण वाढतच होतं. हे मी सांगत होतो, पण त्या ऐकत नव्हत्या. एकदम म्हणाल्या, "माय व! मी बठ्ठ्या पोरांना चूक शिकवलं."

घाबरल्यावर त्यांच्या तोंडून पारोळ्याचा 'बठ्ठ्या', म्हणजे सगळ्या, निघाला, स्वतःच्या माहेरचा शब्दही नाही. माझी बायको आतून धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मॅडम रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मले नही जमत हे, सर. मी सोमवारी जाऊन प्राचार्यांना सांगते. मी शिकवलं नसतं तर निदान कोरी राहिली असती पोरं." मी म्हणालो, सांगा. खरंच म्हणालो. मीही थकलो होतो आणि मला वाटलं, सुटेल बिचारी.

सोमवारी त्या प्राचार्यांकडे गेल्या नाहीत. त्यामागे कारण घडलं ते असं. रविवारी डॉक्टर सासूबाईंना तपासायला घरी आले होते. त्यांनी सांगितलं, आजार वाढतोच आहे, पण आता सावकाश वाढतोय. नणंद आली होती, ती आनंदानं म्हणाली, "म्हणजे कमी झाला म्हणायचा!" आणि मॅडमच्या तोंडून निघून गेलं, "नाही हो, कमी नाही झाला. वाढतोच आहे. वाढण्याचा वेग तेवढा कमी झालाय." नणंद रागावली, हिला चांगलं बोलायला नको म्हणून. मॅडम मात्र हातातला चमचा तसाच धरून उभ्या राहिल्या. ज्या गोष्टीसाठी मी कागद खरडले होते, ती त्यांना सासूबाईंच्या उशाशी कळली. ही गोष्ट त्यांनी मला फोनवर सांगितली तेव्हा आवाजात आनंद अजिबात नव्हता. "आता पक्कं कळलं सर," एवढंच म्हणाल्या. असं कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, असं माझ्या मनात आलं.

सोमवारी त्या वर्गात गेल्या आणि म्हणाल्या, मागच्या आठवड्यात मी शिकवलं ते चूक आहे. पानं फाडू नका, त्यावर आडवी रेघ मारा, म्हणजे काय चुकलं ते दिसत राहील. मग त्यांनी सगळा धडा पहिल्यापासून घेतला. आजाराचं उदाहरणही दिलं म्हणे, सासूबाईंचं नाव न घेता. पूर्वपरीक्षेत वर्ग बरा निघाला. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत त्या शनिवारी येत राहिल्या आणि शेवटी शेवटी आम्हाला बोलायला काही उरलंच नाही. त्या उदाहरणं करायच्या, मी पेपर वाचायचो.

मे महिन्यात निकाल लागला. धुळ्याच्या उन्हात दुपारी दार उघडायची सोय नसते, पण त्या आल्या. सगळा वर्ग गणितात पास झाला होता. फक्त कोमल नापास.

"कोमल?" मी म्हणालो. "ती तर तुमची पहिल्या बाकावरची."

"तिला मी विचारलं, फल वाढतंय की घटतंय ते कसं काढलंस? तर अगदी ठणकावून सांगितलं तिनं, दोनदा विकलन करून. मी म्हटलं, असं कोणी शिकवलं? तर म्हणाली, तुम्हीनच तं शिकाडेल शे, मॅडम."

मग मॅडमनी उरलेलं सांगितलं. ज्या सोमवारी वर्गानं त्या पानांवर रेघ मारली, त्या सोमवारी कोमल आलीच नव्हती. कापूस वेचणीचे दिवस. आईबरोबर वेचणीला जायची ती, तेव्हा दोन आठवडे गैरहजर होती. पूर्वपरीक्षेलाही ती तापानं आली नाही, नाही तर तेव्हाच कळलं असतं. परत आल्यावर तिनं बाकीचं सगळं उतरवून घेतलं. हे तिला येतच होतं, म्हणून हे विचारायची तिला गरज वाटली नाही. सगळ्या धड्यातले गुण तिचे गेले आणि ती थोडक्यात राहिली. घरचे म्हणत होते, झालं तेवढं शिक्षण पुरे, जुलैची पुरवणी परीक्षा वगैरे काही नको.

"सर, माझी चूक सगळ्यांच्या डोक्यातून निघाली, एकीच्या राहिली," मॅडम म्हणाल्या. "आणि ती माझं ऐकणारी होती म्हणून राहिली."

त्यातच आणखी एक झालं. गणिताचा वर्ग टिकला म्हणून गणिताचं पद टिकलं, आणि ते पद अखेर भरलं गेलं. नवे सर आले. त्यामुळे मॅडमचे तास गेले आणि त्या अतिरिक्त ठरल्या. ज्या वर्गासाठी त्या वर्षभर मरमर मेल्या, त्यानंच त्यांची खुर्ची काढून घेतली. समायोजन म्हणून त्यांना साक्रीच्या कॉलेजात पाठवलं. जळगावहून साक्री म्हणजे रोजचं जाणं-येणं अशक्यच. त्यांनी तिथं खोली घेतली. शनिवारी घर गाठायचं आणि रविवारी परत निघायचं. साक्रीला त्यांना पर्यावरण आणि एस.पी. दिलं. विकलन त्यांना कुणी विचारलं नाही.

आता खरं तर त्या सुटल्या होत्या. कोमल त्यांची विद्यार्थिनी नव्हती, ते कॉलेज त्यांचं नव्हतं. मी तसं स्पष्ट बोललो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या रविवारी साक्रीची बॅग खांद्याला लावून पारोळ्यात उतरल्या. कोमलच्या घरी गेल्या. घर बाजार समितीच्या मागं. वडील कामावर होते, आई दारात गोधडी शिवत बसली होती. मॅडम तिला म्हणाल्या, तुमची मुलगी नापास झाली ती माझ्यामुळं झाली, तेवढं मला दुरुस्त करू द्या. शिक्षक माणूस असं दारात येऊन बोलतो हे त्या माउलीला नवीन होतं. तिनं गोधडी बाजूला सारून जागा करून दिली.

मग जुलैपर्यंत तसंच चाललं. रविवारी जळगावहून निघायचं, पारोळ्याला उतरून कोमलला शिकवायचं, आणि तिथून धुळ्यामार्गे साक्री. धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना कधी मला फोन करायच्या. मी घरी या म्हणायचो, बायको भाकरी बांधून ठेवते म्हणायची. त्या म्हणायच्या, "नको सर, बसले तर उठणार नाही." मी एकदा स्टँडवर भेटायला गेलो. पाऊस उघडला होता, फलाटावर चिखल. त्या बाकावर बॅगेला टेकून बसल्या होत्या, चेहरा ओढलेला. मी विचारलं, कसं चाललंय पोरीचं? त्या म्हणाल्या, "खोडायला वेय लागतो सर. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं. तिला बरोबर येतं, पण घाई झाली की हात जुन्याच वाटेनं जातो. आणि ती वाट मी पाडलेली." मी आयुष्यात पुष्कळ हुशार विद्यार्थी शिकवले, काही परदेशात आहेत, दिवाळीला त्यांचे मेसेज येतात. पण शिकलेल्या गोष्टीचा एवढा भार घेतलेला विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही, आणि मला त्या बाईंचा फार अभिमान वाटला. बोलून मात्र दाखवलं नाही. साक्रीची गाडी लागली आणि त्या चढल्या.

पुरवणीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. साक्रीहूनच.

"सर, कोमल पास झाली."

मी जवळजवळ ओरडलोच. मग एका दमात खूप काही बोललो, अभिनंदन, पेढे, कधी येताय, कोमलला घेऊन या, आता ती कुठं प्रवेश घेणार. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कट झाला. साक्रीकडे रेंजचं तसंच असतं.

"हॅलो? मॅडम?"

"आहे सर." मागं कुठंतरी शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका ऐकू आला आणि विरला. "सर, आज माझे तास संपले. मी आता थोडं झोपते."

आणि त्यांनी फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, पोरगी पास झाली. आणि त्या झोपताहेत म्हणाल्या. मी पुन्हा फोन लावायला घेतला, कारण पेढ्यांचं, येण्याचं, काहीच नक्की ठरलं नव्हतं. बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"झोपू द्या तिले," ती म्हणाली.